बिनरक्ताचा कापूस

उरवडे,
८ सप्टेंबर २०२५

आदरणीय आशालता सिस्टर,

मी गौतमी. जूनमध्ये तुमच्याकडून तपासणी केंद्राच्या किल्ल्या घेतल्या ती, माणची. निरोपाच्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, फोन करू नकोस, कान गेलेत, आणि मोबाइलवर निरोप पाठवलास तर पुतण्या तो अख्ख्या घराला वाचून दाखवतो; काही विचारायचं असलं तर पोस्टानं लिही. म्हणून लिहिते आहे. एका परीने बरंच झालं. हे मला तोंडी विचारता आलं नसतं.

तुम्ही आठ वर्षं उरवड्यात गरोदर आणि बाळंतीण बायकांची उपाशीपोटी साखर तपासलीत. तुमच्या काळात वाढलेली साखर क्वचित निघायची. माझ्याकडे जूनपासून दर तीन-चार बायकांमागे एकीची वाढलेली निघते आहे. गाव तेच, बायका पुष्कळशा त्याच, मशीनही त्याच कंपनीचं. निरंजन सरांनी मला पुण्याला संस्थेत बोलावून आपल्या संशोधनातले दोन्ही आकडे समोर ठेवले. म्हणाले, "दोघींपैकी एकीचं चुकतंय. आधीचे आकडे तुला विश्वासाचे वाटतात का, ते दिवाळी झाली की मला लेखी दे." मी 'नाही' असं लिहिलं तर तुमचं उरवड्यातलं सगळं काम अभ्यासातून काढून टाकतील. तेही त्यांनी सांगितलं.

आता प्रश्न. कधी पाऊस असेल, बाई आली नसेल, किंवा आली आणि टोचून घ्यायला नको म्हणाली असेल, तेव्हा न टोचताच आकडा लिहिला गेला का? अंदाजानं?

हे वाक्य मी बऱ्याचदा खोडलं. पण तुमच्या पाठीमागे शंका घेत बसणं मला जमत नाही, म्हणून ती तुमच्यासमोरच घेते आहे.

आमच्या घरात शिकलेली मी पहिली. वडील अजून विचारतात, इंजेक्शन देत नाहीस, सलाईन लावत नाहीस, मग कसली गं नर्स तू? आमच्या खोल्यांतून भाड्यानं राहणारी आयटीतली मुलंही हसतात. पण मला हेच काम जन्मभर करायचं आहे. म्हणून पहिल्याच वर्षी चुकीच्या कागदावर सही करायची नाही.

उत्तराची वाट बघते.
गौतमी


वाई,
१६ सप्टेंबर २०२५

गौतमी,

तुझं पत्र माझ्या भावानं, चंद्रकांतनं, उघडायच्या आत मी त्याच्या हातातून ओढून घेतलं ते फार बरं झालं.

नाही. एकदाही नाही.

आता तू विचारलंस तर मीही विचारते. बोटातून थेंब येईना की पिळतेस का? नव्या मुली पिळतात, आकडा बिघडतो. बायका खरोखर उपाशी येतात की चहा पिऊन येतात? कारखान्याची पाळी सुटून येणारी बाई चहाशिवाय चालू शकत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी हळूहळू शिकले.

आणि हेही लिहिते. साखरेचं प्रमाण जास्त असलेल्या गावांसाठी संस्थेला नवा निधी येणार होता, हे मी निघायच्या आधी कानावर आलं होतं. तेव्हा कान थोडे चालत होते. उरवड्यात साखर वाढली तर कुणाला बरं वाटेल याचा विचार कर. आणि माझं काम खोटं ठरलं तर माझी जागा कायम कुणाला मिळेल, याचाही. तू हे मनात धरून लिहिलंस असं मी म्हणत नाही. पण धरलं नसशील तर तू फार भोळी आहेस, आणि संशोधनात भोळ्या नर्सचं काही खरं नसतं.

मी प्रसूतिकक्षातून या कामाला आले. तिथे एक बाळंतीण गेली. तिला आधीपासून साखर होती हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर विचारणारी नोकरी मिळाली ती मी घेतली. अशी बाई अंदाजानं आकडे लिहील का, ते तूच ठरव.

सगळ्यांना तपासलंस. स्वतःला तपासलं नाहीस.

आशालता


उरवडे,
२५ सप्टेंबर २०२५

आदरणीय सिस्टर,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. जागेचा विचार माझ्या मनात नव्हता. आता आहे, कारण तुम्ही घातलात.

मी बोट पिळत नाही. स्पिरिटच्या कापसानं पुसते, वाळू देते, टोचते. प्रशिक्षणात सांगितलं तसंच.

बायकांवर मात्र मी तुमच्या सांगण्याआधीपासूनच नजर ठेवून आहे. ग्रामपंचायतीची जुनी खोली पाडली, त्यामुळे केंद्र आता रत्नाबाईंच्या घरात आहे, ओसरीला लागून असलेल्या खोलीत. नथू पाटलांचं घर, तुम्हाला माहीत असेल. खोलीच्या दारातून मला ओसरी पूर्ण दिसते. उन्हातून आलेल्या प्रत्येकीला रत्नाबाई गूळ-पाणी देतात, त्यांच्या घरात तशीच रीत आहे. बायका पाणी पितात. गूळ कुणी तोंडात टाकत नाही, मी डोळ्यांनी बघते. पोराला न्यायचा म्हणून रुमालात नाहीतर पदराच्या टोकाला बांधतात. विचारलं की म्हणतात, "न्हाई बाई, सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई." माझा विश्वास बसत नाही. घरून खाऊन येत असतील.

याला आधारही आहे. साखर वाढलेल्या बायकांना शिरेतलं रक्त द्यायला पौडच्या रुग्णालयात जायचं असतं. बहुतेक जणी जात नाहीत, खाडा पडतो. ज्या गेल्या त्यांची तिथे साखर साधारण निघाली. म्हणजे पौडला जाताना खऱ्या उपाशी राहतात आणि माझ्याकडे येताना नाही. दुसरं काय समजायचं?

पण मग मुंग्या आल्या. माझ्या खोलीत, वापरलेला कापूस टाकायच्या डब्याला मुंग्या लागतात. रत्नाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, साखर असलेल्या माणसाच्या मागं मुंग्या येतातच. म्हणजे साखर खरी आहे. आणि ती आज खरी असेल तर मागच्या वर्षी कुठे होती? मी परत तुमच्यापाशीच येऊन पोचते.

यात सगळ्यात वाईट रत्नाबाईंच्या सुनेचं झालं आहे. किमया, पाचवा महिना. बायकांना गूळ फोडून देते तीच, पण तिला स्वतःला गुळाचा खडाही मिळत नाही, कारण सगळ्या गावात तिचा आकडा मोठा. मी तिला हळूच सांगितलं होतं, पण दाराआड रत्नाबाई होत्या. तेव्हापासून तिचा भात बंद, केळं बंद. वजन वाढायचं ते घटलं आहे. पौडला नेऊ म्हटलं तर रत्नाबाई म्हणतात, चारचौघांत बोभाटा नको. आणि दसरा झाला की तिच्या माहेरी, भुकूमला, निरोप धाडणार आहेत: "आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधली, आता बाळंतपण तिकडंच करा, आन् पुढचं बी तिकडंच बघा." नवरा साहिल मान खाली घालून कामावर जातो.

तिला हे सगळं माझ्या आकड्यामुळे. म्हणून आकडा खरा असायलाच हवा. तुम्ही समजून घ्या.

मला बहुतेक 'नाही' लिहावं लागेल.

गौतमी


वाई,
३ ऑक्टोबर २०२५

गौतमी,

लिही. जे वाटतं ते लिही. निरंजन सरांनी मलाही पत्र धाडलं आहे आणि मीही उत्तर दिलं आहे. काय दिलं ते तुला सांगायला मी बांधील नाही.

मुंग्यांवरून रोग ओळखणारी नर्स मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती. ती उणीव भरून निघाली.

एकच सांगते, तेही तुझ्यासाठी नाही, त्या सुनेसाठी. पाचव्या महिन्यातल्या बाईचा भात तोडू नये. आकडा कितीही असो.

आशालता


उरवडे,
१४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सिस्टर,

हे पत्र तुम्ही फाडाल असं वाटतं. शेवटपर्यंत वाचून मग फाडा.

तुम्ही लिहिलं होतं, स्वतःला तपासलं नाहीस. ते टोचलं होतं, पण राग आला म्हणून मी ते केलं नव्हतं. शनिवारी केलं. घरी, माणला, सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी बोट टोचलं. अठ्ठ्याऐंशी. मग तेच मशीन घेऊन तशीच उपाशी उरवड्याला आले. किमयानं पाणी दिलं, गूळ हातावर ठेवला. मी पाणी प्यायले, गूळ कागदात बांधून पर्समध्ये टाकला. खोलीत येऊन स्पिरिटनं पुसून टोचलं. एकशे एकाहत्तर.

पहिला विचार काय आला सांगू? रत्नाबाई पाण्यात काही घालतात. दुसरा, किमया घालते, सासूवर सूड म्हणून. मी उरलेलं पाणी जिभेवर घेऊन बघितलं. साधं पाणी होतं.

मग मी डब्यापाशी बसले. तुम्हाला माहीतच आहे, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो आणि टोचायच्या आधी बोट पुसलेला साधा कापूस डब्यात. पिवळी पिशवी उघडून बघितली. त्यात एकही मुंगी नव्हती. सगळ्या मुंग्या डब्यात, बिनरक्ताच्या कापसावर.

साखर रक्तात नव्हतीच, सिस्टर. बोटाला होती. बायका खरं बोलत होत्या. गूळ कुणी खात नव्हतं. नुसता धरायच्या, बांधायच्या, आणि त्याच बोटानं माझ्यासमोर बसायच्या. स्पिरिटनं जंतू मरतात. गूळ नुसता पसरतो.

मी किमयाला हाक मारली. तीच दिवसभर गूळ फोडते. बोट पुसून टोचलं तर नेहमीसारखाच मोठा आकडा. मग मागच्या मोरीवर नेऊन साबणानं दोन्ही हात धुवायला लावले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. चौऱ्याऐंशी. ती मशीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मंग मी इतके दिवस उपाशी कशापायी राहिले?"

तिनं ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती चुलीपाशी गेली आणि आदल्या रात्रीचा भात होता तो पातेल्यातूनच खाल्ला. मी दारात उभी राहून रत्नाबाई येतात का ते बघत होते.

तुम्ही जुन्या खोलीत असताना काय करत होतात? एवढंच सांगा.

माझी शंका मी मागे घेते. तुम्हाला ती परत घेता येण्यासारखी वाटत नसेल तर तेही बरोबर आहे.

गौतमी


वाई,
२६ ऑक्टोबर २०२५

गौतमी,

पत्र फाडलं नाही. दिवाळीचं घर आवरताना चंद्रकांतच्या बायकोला सापडलं असतं तर तिनं वाचलं असतं, म्हणून उशीखाली ठेवलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अगदी साधं आहे आणि माझ्या मोठेपणाचं नाही. जुन्या खोलीच्या दाराशी नळ होता. भात लावणीच्या दिवसांत बायका चिखलाच्या हातांनी यायच्या. फरशी मलाच पुसावी लागायची. म्हणून नळावर साबण ठेवला आणि हातपाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही असा दंडक घातला. साखरेचा विचारही मनात नव्हता. खोली बदलली, नळ राहिला तिकडेच, आणि तुला सांगावं असं मला सुचलं नाही. केंद्र गूळ-पाण्याच्या घरात जाईल हे तरी कुणाला सुचणार?

आता एक गोष्ट. तुझ्या सप्टेंबरअखेरच्या पत्रानंतर, ते मुंग्यांचं, मी सरांना लिहिलं की ही मुलगी कामाची नाही, मशीन हाताळता येत नाही, तिला बदला. सरांकडे ते पत्र आहे. तुला दाखवतील, म्हणून आधी माझ्याकडून कळलेलं बरं. परवा दुसरं पत्र पाठवून ते मागे घेतलं. पण गेलेलं पत्र मागे आलं तरी वाचणारा ते विसरत नाही, हे तुलाही आता माहीत आहे.

सर काय म्हणतील ते मी आत्ताच सांगते. म्हणतील, मशीन बिघडलं होतं असं लिहू, जूनपासूनचे आकडे काढू, गुळाचं नाव नको, लोक हसतील. माणूस वाईट नाही. पण त्यांना पुढे दिल्लीला, निधी देणाऱ्यांना, उत्तर द्यायचं असतं. मशीनवर ढकललंस तर दुसऱ्या गावातली दुसरी मुलगी उद्या हेच करेल, तिच्याकडेही कुणाची तरी ओसरी असेल.

आणि रत्नाबाईंना कोण सांगणार? त्या घराच्या पाहुणचाराला तू दोष देणार आहेस. मला विचारशील तर सरांपेक्षा तिथे जायची मला जास्त धास्ती वाटेल.

सून जेवते का ते कळव.

आशालता


उरवडे,
६ नोव्हेंबर २०२५

सिस्टर,

सून जेवते. ते आधी लिहिते.

सर अगदी तुम्ही म्हणालात तेच म्हणाले, दिल्लीसकट. तुमचं पत्र त्यांनी मला दाखवलं. मी सांगितलं, मला माहीत आहे. तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. लेखी उत्तरात मी गूळ लिहिला, स्पिरिट लिहिलं, साबण लिहिला, आणि जूनपासूनचे आकडे माझ्या हातून चुकले असं माझ्या नावानिशी लिहिलं. तुमच्या आकड्यांवर शंका घ्यायला जागा नाही असंही. तुमचे आकडे अभ्यासात राहणार आहेत. माझ्या कायम होण्याचं "पुढे बघू" म्हणाले. तोंडावरून काही कळलं नाही. आता मला सगळ्यांच्याच तोंडाकडे बघायची सवय लागली आहे. ती चांगली नाही.

ज्यांना साखर आहे म्हणून सांगितलं होतं त्या सगळ्यांच्या घरी जाऊन आले. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. एकीनं तर चहा दिला, दुप्पट साखरेचा.

रत्नाबाईंकडे सगळ्यात शेवटी गेले. भुकूमला निरोप दसऱ्यानंतर जायचा होता तो दिवाळीमुळे राहिला होता आणि त्या दिवशी जायचा होता. साहिल चप्पल घालून ओसरीवर उभाच होता. मी सगळं सांगितलं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"म्हंजी माज्या दारचा गूळ खोटा?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, गूळ खोटा नाही, मावशी, मी बोट धुवायला हवं होतं.

"तवा म्हनलीस साखर हाय. आता म्हनतीस न्हाई. उद्या काय म्हनशील? हिच्या आईनं तुला काय दिलं का काय?"

चार महिने मी त्यांच्या ओसरीवर बसून प्रत्येक बाईकडे याच नजरेनं बघत होते. मी मशीन काढलं आणि म्हटलं, किमयाचं बोट तुमच्यासमोर दोनदा टोचते, धुवायच्या आधी आणि नंतर. त्यांना ते पटलं नाही. सून आणि मी मिळालेल्या आहोत असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनीच सूप बाजूला ठेवलं आणि हात पुढे केला. "माजं टोच. मला कायबी न्हाई, ते सगळ्या गावाला ठावं हाय. बघू तुजं मशीन काय बोलतंय ते."

सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, गुरुवार होता. किमयानं तांब्यानं पाणी घातलं, त्यांनी साबणानं हात धुतले, मी माझ्या रुमालानं पुसले. टोचलं.

दोनशे बारा.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. मी परत धुवायला सांगितलं. त्या मोरीपाशी गेल्या. यावेळी नखांतूनसुद्धा घासलं. दुसरं बोट. दोनशे नऊ.

सिस्टर, त्यांच्या पायाची जखम पावसाळ्यापासून भरत नाही. रात्री उठून पाणी पितात, ते किमयानं मला मागे सांगितलं होतं. मी चार महिने त्या घरात बसले आणि माझं लक्ष होतं ते कोण तोंडात काय टाकतं याकडे. ज्या बाईला खरोखर साखर होती तिला मी तपासलंच नाही, कारण आमच्या अभ्यासात तिचं वय बसत नाही.

रत्नाबाई म्हणाल्या, "मशीन खोटं हाय. तूच म्हनलीस."

तेव्हा किमया बोलली. सासूला ती आत्या म्हणते. तांब्या हातात तसाच होता. अगदी हळू म्हणाली, "आत्या, तुमच्या माह्यारी निरोप धाडायचा का?"

साहिलनं मान वर केली. मला वाटलं आता काहीतरी होणार. किमयाच्या चेहऱ्यावरून ती टोमणा मारते आहे की विचारते आहे ते मला समजेना, आणि रत्नाबाईंनाही ते समजलं नसावं. मग साहिलला म्हणाल्या, चपला काढ, कुटं जायचं न्हाई.

पौडला शिरेतलं रक्त द्यायला दोघींनी जायचं असं ठरलं आहे, सासू-सुनेनं, मी बरोबर. किमयाचंही घेतील, म्हणजे तिच्याबाबत पुन्हा कुणाला शंका राहणार नाही. गावात सांगायचं की सुनेला तपासायला नेतो आहोत. त्याला किमया हो म्हणाली. मला ते आवडलं नाही, पण मला विचारलं नव्हतं.

निघताना रत्नाबाईंनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि परत हात पुढे केला. न सांगता हात धुऊनच आल्या होत्या, मनगटापर्यंत ओले होते. मी पुसले, टोचलं. मशीन मोजत होतं तेवढ्यात म्हणाल्या,

"मोठ्यानं नगं सांगू."

मी मशीन त्यांच्याकडे वळवलं.

तुमची,
गौतमी